परभा, गाडी वर नेऊन आणली

परभा, आज पुन्हा फोन आला. धुळ्याकडचा कोणी तरी होता. "ती उघडी स्पोर्ट गाडी विकायची आहे ना? अ‍ॅव्हरेज किती देते?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." तर म्हणतो कसा, "मग ज्याला माहीत आहे त्याला द्या ना फोन." मी ठेवूनच दिला. काय सांगणार होतो त्याला? तुझ्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीला, अजून आठवडासुद्धा झाला नाही.

हे सगळं तुझंच करून ठेवलेलं आहे. गाडी तुझी, शेड तुझं, पुठ्ठ्यावर लाल रंगाने 'विकणे आहे' लिहिलं ते अक्षरही तुझं, आणि खाली नंबर कुणाचा, तर माझा! त्या पाटीचा फोटो कुणी तरी काढला आणि तो कुठल्या कुठे गेला. तेव्हापासून रोज फोन. एकाला मुलाच्या वरातीसाठी पाहिजे होती. एक म्हणाला, मागे ट्रॉली जोडता येईल का. तू असतास तर "येईल की, नांगरसुद्धा जोडून देतो" म्हणून त्याला बोलावून घेतलं असतंस आणि वर चहा पाजला असतास. मी नुसता चिडतो. माझा स्वभाव माहीत होता म्हणूनच नंबर माझा टाकलास ना? भांडण तुझ्यामाझ्यात, आणि शिक्षा ही अशी.

चार दिवस झाले, एका जागी बसवत नाही. लेथवर जॉब लावतो, दोन कट मारतो, मशीन बंद करतो. शहाद्याहून लोणखेड्याला तुझ्या शेडपर्यंत मोटारसायकलने येतो, कुलूप ओढून बघतो, परत जातो. तासाभराने पुन्हा येतो. तुझा शेतावरचा सालदार मला लांबून बघितलं की पपईच्या ओळीत शिरतो. त्याला वाटतं, लेथवाल्याचं डोकं फिरलं. फिरलंच असेल. म्हणून तर लिहायला बसलो. आणि लिहायचं म्हटलं की शाळेतलीच मराठी येते बघ. आपण दोघं जन्मभर अहिराणीत भांडलो. तुझ्याशी असं नीटनेटकं बोलायचं म्हणजे शेतात बूट घालून चालल्यासारखं वाटतंय.

ती पहिल्यांदा कशी दिसली होती, आठवतं? अक्कलकुव्याच्या पुढे, देवगोई घाटाच्या पायथ्याशी, जंगलाचा ठेका घेणाऱ्या कुणा जुन्या शेठचं पडकं शेड. आपण गेलो होतो ट्रॉलीच्या तळासाठी सागाच्या फळ्या बघायला. कडब्याखाली काही तरी गोल चमकलं म्हणून तू कडबा ओढलास, तर आधी दोन कोंबड्या ओरडत बाहेर आल्या आणि त्यांच्यामागे एक हेडलाइट. दोनच सीटांची, बिनछपराची विलायती मोटार. वरचा कापडी टप कुजून गेलेला, उंदरांनी वायरी खाल्लेल्या, आणि चालवणाऱ्याच्या सीटमध्ये अकरा अंडी.

"अंडी माझी आहेत," दारातून आवाज आला. "गाडी शेठची."

तो वेस्ता बाबा. तिथल्याच पाड्यावरचा. शेठ ठेका संपवून निघून गेला तेव्हा याला सांगून गेला होता की गाडीवर लक्ष ठेव, मी येतो. शेठ काही आला नाही. याने आपलं लक्ष ठेवलं. दर वर्षी जुना कडबा काढून नवा घालायचा. तू विचारलंस, "बाबा, बसला होता का कधी हिच्यात?" तेव्हा तो हसला. म्हणाला, "ढकलली. शेठ मोलगीच्या बाजाराला जायचा. घाटात गाडी तापायची. आम्ही चौघं ढकलायचो. शेठ बसून राहायचा."

झालं! तू तिथल्या तिथे शब्द देऊन मोकळा. तुमच्या घरची ती रीत मला माहीत होती. तुझ्या वडिलांनी नवी बैलजोडी आणली, पुढे ट्रॅक्टर आणला, तरी पहिला फेरा सालदाराचा. जो राखणार तो आधी बसणार, मालक नंतर. तू म्हणालास, "बाबा, ही चालू झाली की पहिला फेरा तुमचा. शेजारच्या सीटवर बसायचं, मोलगीच्या बाजारापर्यंत." म्हाताऱ्याने अंडी टोपलीत भरली आणि म्हणाला, "बघू." मी मागे उभा राहून फळ्यांना गाठी किती आहेत ते बघत होतो. ऐकलं आणि विसरलो. तू विसरला नाहीस, तिथेच सगळी भानगड झाली.

शेठच्या नातवाला शोधून तू गाडी रीतसर नावावर केलीस. ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. ट्रॅक्टर मी चालवत होतो आणि तू मागे त्या सांगाड्यात स्टिअरिंग धरून, जसं काही इंजिन चालूच आहे. तळोद्यात कुणी तरी विचारलं, "कोणाची वरात हो?" तू उभा राहून ओरडलास, "मन्ही!" लोक हसून हसून बेजार. मला इतकी लाज वाटली की पुढच्या गावापर्यंत मी मागे वळून बघितलं नाही. आज त्या 'मन्ही'साठी जीव तुटतो.

नऊ वर्षं लागली. आता सांगतो, तेव्हा कधी बोललो नाही: ती नऊ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. मी तोवर काय करत होतो? पंपाच्या शाफ्टा सरळ करत होतो. तू माझ्यापुढे एक गंजलेला तुकडा टाकायचास आणि म्हणायचास, "इलास, याना भाऊ बनाड." मग मी चार-चार दिवस त्या तुकड्याचा भाऊ बनवत बसायचो. सागाच्या त्या फळ्या ट्रॉलीला लागल्याच नाहीत, त्यांचा डॅशबोर्ड झाला. ट्रॅक्टरची हूडं शिवणाऱ्याकडून टप शिवून घेतला. दर रविवारी गाडी शेडबाहेर ढकलायची आणि काम झालं की आत. तू डाव्या बाजूला, मी उजव्या. मी म्हणायचो, "लाव रे जोर, परभा," आणि तू खाली मान घालून म्हणायचास, "लाई ऱ्हायनू, तू लाव." नऊ वर्षं दर रविवारी तेच: मी लावतोय, तू लाव. इंजिन सुरू झालं तरी तू ती शेडमधून चालवत काढत नव्हतास. म्हणायचास, पहिला फेरा अजून झाला नाही. मला तो तुझा चावटपणा वाटायचा.

मग तुझं ते स्प्रिंगच्या पाट्यांचं प्रकरण. मागच्या चाकांवरचे मूळ पाटे मी चार वर्षं खपून नीट केले होते. एका रविवारी येऊन बघतो, तर तू ते काढून ट्रॉलीचे पाटे कापून बसवलेले, आणि पुढच्या स्प्रिंगांखाली घालायला लोखंडी कड्या मलाच वळून मागतोस! कशाला? तर, "घाट चढना शे." मी शिव्या देत कड्या वळल्या. गाडी वीतभर वर उचलली गेली. चिखलातून जाताना लुगडं वर धरलेल्या बाईसारखी दिसायला लागली. मी म्हणालो, "अरे, या पाट्यांनी तिची सगळी शोभा गेली. कोणी जाणता माणूस बघेल तर तोंडात शेण घालेल." तू म्हणालास, "जाणता माणूस देवगोईमा ऱ्हास का?"

आणि मग ते भांडण. ते मी रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडतो आहे. गडद हिरव्या रंगाचा शेवटचा हात होऊन आठ दिवस झाले होते. तू म्हणालास, उद्या बाजार आहे, उद्या वर जाऊ. मला तिला मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला न्यायची होती. मी म्हणालो, घाटात गिट्टी उडते, रंगाची चाळण होईल. तू म्हणालास, होऊ दे. मी म्हणालो, आधी प्रदर्शन, मग ने कुठे न्यायची ती. तू म्हणालास, पहिला फेरा म्हणजे पहिला. आवाज चढले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि मी बोलून गेलो, "त्या म्हाताराले काय समजस रे तिन्हामातलं?"

तू चिंधीने हात पुसलेस, एक एक बोट पुसलंस. मग म्हणालास, "तुले समजस ना? मंग तूच ठेव." दुसऱ्या दिवशी काचेवर पाटी.

एकोणीस दिवस आपण बोललो नाही. विसाव्या दिवशी तुझा सालदार एक जड पोतं घेऊन माझ्या दुकानात आला. आत मूळ पाटे. साफ केलेले, ग्रीस लावून गुंडाळलेले. मी विचारलं, काय निरोप आहे? म्हणाला, "काही नाही. इलासकडे देऊन ये, एवढंच बोलले."

म्हणजे काय रे? तू जिंकलास, घे, बसव तुझे पाटे, असं? की तुझं ओरिजिनल तुलाच लखलाभ, मला नको, असं? मी ते पोतं लेथखाली सरकवलं आणि ठरवलं की रविवारी जाऊन सरळ विचारू. दोन-चार दिवसांनी काय बिघडतं, म्हटलं. रविवारच्या आधी शुक्रवार आला. पपईला पाणी सोडायला म्हणून तू सकाळी गेलास, ते तुला चौघांनी उचलून आणलं. आता त्या पोत्याला रोज पाय लागतो आणि रोज मी तुलाच विचारतो. एक शब्द पाठवायचा होतास. शिवी पाठवली असतीस तरी चाललं असतं.

गंधमुक्ती झाली, पाव्हणे गेले, आणि वहिनींनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "पाटी त्यांनीच लावली होती ना? मग विकून टाका. शेडचं दार उघडलं की ती समोर. वाटतं, आता हॉर्न वाजेल. माले देखावत नही, भाऊ." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

परवा सुरतेचे एक गृहस्थ आले. माणूस भला, आणि जाणता. आल्या आल्या वर्तमानपत्र पसरून सरळ गाडीखाली झोपले. खालून ओरडले, "अरे! आ तो ट्रॉलीना पाटा छे!" बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "विलासभाई, काम फार सुंदर आहे. पण या पाट्यांनी तिची सगळी शोभा गेली. मूळचे असतील तर बसवून ठेवा, रविवारी घेऊन जातो." परभा, माझंच वाक्य! शब्दाला शब्द. आणि मला त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी म्हणालो, "शोभेला काय चाटायचंय, साहेब? घाट चढायचा होता म्हणून पाटे घातले. ज्याने घातले तो काही येडा नव्हता."

त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग? चढली?"

मी नुसता त्या गाडीकडे बघत राहिलो. मूळ पाटे आहेत का, असं त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा चक्क खोटं बोललो. नाहीत म्हणालो.

रविवारी गाडी जाणार. म्हणजे पहिला फेरा सुरतेचा होणार, आणि तुझा शब्द खाली पडणार, आणि तो पाडणारा मी. मध्ये बाजाराचा एकच दिवस होता. मी वहिनींकडे जाऊन किल्ली मागितली. त्यांनी कुठे, कशाला, काही विचारलं नाही. देवाच्या फळीवरून किल्ली काढून दिली आणि म्हणाल्या, "रंग खराब झाला तर?" मी म्हणालो, "होऊ द्या." तेव्हा त्या गेल्या काही दिवसांत पहिल्यांदा हसल्यासारख्या झाल्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. दोघांपुरता.

सकाळी निघालो. तळोद्यात पोरं मोबाइल घेऊन मागे लागली. मी कुणालाही हात केला नाही. ते काम तुझं. पाड्यावर पोचलो तेव्हा वेस्ता बाबा अंगणात बसला होता. गाडी बघितली, मला बघितलं, मग शेजारची रिकामी सीट बघितली. "तो कुठे आहे?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता नको म्हणेल. तो उठला, आत गेला, धुतलेला सदरा घालून बाहेर आला आणि काखेत एक कोंबडी. म्हणाला, "बाजाराला चाललो ना? मग विकायला नको?" तुझ्या नव्या कोऱ्या सीटवर कोंबडी, परभा! नऊ वर्षांपूर्वी तिच्याच आज्या-पणज्या तिथे नांदत होत्या.

एक आधी सांगून टाकतो. आम्ही मोलगीला पोचलो. कोंबडी विकली गेली. एका झाडाखाली बसून भाकरी खाल्ली, म्हाताऱ्याने ठेचा कमी तिखट आहे म्हणून नावं ठेवली. डाव्या मडगार्डवर गिट्टीचे सात ओरखडे आहेत. मी ते पॉलिश करणार नाही. आणि गाडीचं पोट एकदाही घासलं नाही. एकदाही नाही! ज्या खड्ड्यांत जीपा कण्हत होत्या, तिथून ती लुगडं वर धरून ऐटीत गेली. तुझ्या पाट्यांचं बरोबर होतं. उद्या सुरतवाले आले की मूळ पाट्यांचं पोतं डिकीत ठेवून देईन, खोटं बोललो म्हणून सांगेन, आणि म्हणेन, काय बसवायचं ते तुमच्या घरी बसवा, इथून ती अशीच जाईल. आणि हो, चढली म्हणून सांगेन.

पण चढता चढता काय झालं, ते सांगायचं राहिलं.

अर्ध्या घाटात वेस्ता बाबाने मान तिरपी करून इंजिनाचा आवाज ऐकला. मी म्हणालो, काय झालं? म्हणाला, "तापली. पुढच्या वळणावर थांबेल. अंजनाच्या झाडापाशी." मी मनात म्हटलं, इंजिन मी उघडलंय की याने? काटा ठीक होता, आवाज ठीक होता. वळण आलं, अंजनाचं झाड आलं, नाकातून वाफ आली आणि गाडी थांबली. त्याच जागी. पन्नासहून जास्त वर्षं झाली असतील त्याने तिला शेवटचं ढकलून, आणि तिचा दम कुठे संपतो ते त्याच्या तळहातांना अजून पाठ होतं. मी तिचा एकूण एक नट ओळखतो, परभा, आणि मला हे माहीत नव्हतं. त्याला समजतं रे. मलाच समजत नव्हतं. हे तुला समोर बसून सांगायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. एकोणीस दिवस होते माझ्याकडे, आणि मी ते फुगून बसण्यात घालवले.

वळणावर थांबून चालणार नव्हतं, बाजाराच्या जीपा मागेपुढे होत्या. वीसेक पावलं वर सपाट जागा होती. म्हाताऱ्याने कोंबडी सीटवर ठेवली, दार उघडलं आणि मागे निघाला. सवयीने. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही हात मागच्या पत्र्यावर टेकले. मी धावत खाली उतरलो. म्हणालो, "बाबा, नाही. तुम्ही पुढे बसा. स्टिअरिंग धरा."

"मला येत नाही."

"सरळ धरून ठेवा, बस."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, चेष्टा नाही ना म्हणून. मग पुढे जाऊन तुझ्या जागेवर बसला. पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, कोंबडी मांडीवर. मी मागे आलो. उजव्या बाजूला उभा राहिलो. डावी बाजू मोकळी. खांदा टेकला, पाय रोवले, रेटलं. हलेना. पुन्हा रेटलं. डोळ्यांत घाम की काय ते गेलं, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "लाव रे जोर, परभा."

माझं मलाच ऐकू आलं. तसाच पत्र्यावर डोकं टेकून उभा राहिलो.

पुढून वेस्ता बाबाने मागे वळून बघितलं. मला बघितलं, मग माझ्या डाव्या बाजूला बघितलं. म्हणाला, "तो लावतोय. तू लाव."

मी लावला.